शिट्टी जरा खिशात ठेवा

पत्र :

आम्ही तिघे मित्र. कॉलेजात एकाच टीममधून बास्केटबॉल खेळलो, मी पॉइंट गार्ड होतो, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ रचणारा. आता दर शनिवारी रात्री माझ्याकडे जमतो आणि एनबीए २के, म्हणजे अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगवरचा व्हिडिओ गेम, खेळतो. कन्सोल माझा आहे. मला बास्केटबॉल बास्केटबॉलसारखा खेळायला आवडतो : बारा मिनिटांचे क्वार्टर, फाउल चालू, प्ले (ठरवलेली चाल) लावून खेळायचं, दमलेल्या खेळाडूला बसवायचं. बाकीच्या दोघांना याचं काहीच पडलेलं नाही. टर्बोवरून, म्हणजे जोरात पळवणाऱ्या बटणावरून, बोट उचलत नाहीत, पार लांबून थ्री (तीन पॉइंटांचा शॉट) मारतात, जागा दिसली की डंक (उडी मारून बॉल रिंगमध्ये कोंबणं). मी काही बोललो की मला ‘रेफरी’ म्हणतात. गेल्या शनिवारी मी मॅचच्या मध्येच थांबवून सेटिंग बदललं, तर एकजण कंट्रोलर ठेवून निघून गेला. अजून बोललेला नाही. बास्केटबॉलच्या गेममध्ये बास्केटबॉल असावा ही अपेक्षा चुकीची आहे का? आणि त्यांना धिंगाणाच घालायचा असेल तर दुसरा कुठला गेम आणावा?

– रेफरी (नाइलाजाने)

उत्तर :

प्रिय रेफरी,

अपेक्षा चुकीची नाही, वागणं चुकलं. तुमच्या पत्रातलं सर्वात महत्त्वाचं वाक्य तुम्ही घाईत उरकलंय : ‘कन्सोल माझा आहे.’ म्हणजे घर तुमचं, कन्सोल तुमचा, सेटिंगच्या मेन्यूवर हात तुमचा, आणि चालू मॅच थांबवून नियम बदलणारेही तुम्हीच. खऱ्या सामन्यात दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर एका संघाच्या कॅप्टनने नियमपुस्तक बदललं असतं तर तुम्हीच सर्वात आधी ओरडला असता. वास्तवाचा आग्रहच धरायचा तर तो इथून सुरू होतो.

एवढं बोलून झाल्यावर तुमच्या बाजूचा मुद्दाही मांडतो, कारण तो खरोखर भक्कम आहे आणि तुम्ही तो मित्रांना कधी नीट सांगितला नसावा. क्वार्टर लहान केला की फक्त वेळ कमी होतो असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही. एनबीएचे नियम ४८ मिनिटांच्या हिशोबाने बसवलेले आहेत. सहा फाउलला खेळाडू बाहेर. क्वार्टरमधल्या संघाच्या पाचव्या फाउलपासून समोरच्याला फ्री थ्रो. आता क्वार्टर पाच मिनिटांचा करा आणि बाकी काहीच बदलू नका. सहा फाउल कोणाचे होणारच नाहीत. पाचव्या फाउलपर्यंत संघ क्वचितच पोचेल. सुरुवातीचे पाचजण दमायच्या आत मॅच संपेल, म्हणजे बेंचवरचे खेळाडू रात्रभर नुसते टाळ्या वाजवायला. अशा मॅचमध्ये टर्बो दाबून धरण्याची किंमत काय? शून्य. आत घुसून अंगावर जाणाऱ्याला रोखताना केलेल्या फाउलची किंमत? तीही जवळजवळ शून्य.

थोडक्यात, तुमचे मित्र बास्केटबॉल विसरलेले नाहीत. लहान क्वार्टरमध्ये जे फुकट मिळतंय ते ते उचलतायत, आणि कुठलाही चांगला खेळाडू हेच करेल.

पण म्हणून बारा मिनिटांचे क्वार्टर लावायचे का? नाही. घड्याळावरची ४८ मिनिटं म्हणजे सोफ्यावरची ४८ मिनिटं नव्हेत. फ्री थ्रो, टाइमआउट, बाहेर गेलेला बॉल, मध्येच कोणाचा तरी वाजलेला फोन, सगळं धरून एक मॅच आरामात तासाच्या वर जाते. शनिवारच्या रात्रीला एकच मॅच. जो तिसऱ्या क्वार्टरलाच पंचवीसने मागे पडलाय त्याने उरलेला वेळ काय करायचं? रीमॅचची आशाच नसेल तर माणूस कंट्रोलर ठेवून निघून जातो. कधी कधी तो रागावलेला नसतो, नुसता कंटाळलेला असतो.

क्वार्टर सात-आठ मिनिटांचे करा. फाउलचा स्लायडर (सेटिंगमधली कमी-जास्त करायची पट्टी) थोडा वर न्या म्हणजे कमी वेळातही फाउलचा धाक राहील. दमण्याचा स्लायडरही वर न्या म्हणजे सतत टर्बो दाबणाऱ्याचा गडी चौथ्या क्वार्टरला पाय ओढत धावेल. मग तुम्हाला बोलावं लागणार नाही. शिक्षा गेमला करू द्या. तुमच्या तोंडून आलेला नियम ऐकून मित्र चिडतो, तोच नियम स्क्रीनवर दमलेल्या खेळाडूच्या रूपात दिसला की तो स्वतःच म्हणतो, ‘अरे, याला बसवायला पाहिजे.’ हे सगळं अर्थात मॅच सुरू होण्याआधी, तिघांच्या समोर.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. तुम्ही ‘बास्केटबॉल’ म्हणता तेव्हा तुमच्या डोक्यात एक पक्की, अढळ गोष्ट आहे असं दिसतं. तशी ती कधीच नव्हती. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला हरवलं, स्कोअर १९-१८. पूर्ण सामन्याचा! बॉल हातात ठेवून उभं राहायला तेव्हा बंदी नव्हती, आणि समोर जॉर्ज मायकनसारखा धिप्पाड सेंटर असेल तर उभं राहणंच शहाणपणाचं होतं. पूर्णपणे नियमात बसणारा, डावपेचांच्या दृष्टीने अचूक, आणि पाहणाऱ्याला झोप आणणारा खेळ. चार वर्षांनी, १९५४ मध्ये, लीगने २४ सेकंदांचं घड्याळ, म्हणजे शॉट क्लॉक, आणलं : बॉल हाती आला की तेवढ्या वेळात शॉट मारायचाच. ही कल्पना सिराक्यूस संघाचे मालक डॅनी बियासोन यांची. त्यांनी हिशोब कसा केला ते पाहण्यासारखं आहे. ज्या सामन्यांत मजा आली त्यांत दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट असायचे. ४८ मिनिटं म्हणजे २८८० सेकंद, भागिले १२०, उत्तर २४. ज्या शॉट क्लॉकला तुम्ही वास्तवाचा कणा समजता तो मजेच्या मापाने कापलेला आहे.

थ्री-पॉइंटरचंही तेच. एनबीएत ती रेषा १९७९-८० च्या मोसमात आली, तेव्हा संघ सामन्याला सरासरी तीन थ्रीसुद्धा मारत नव्हते. अलीकडे पस्तीसच्या वर मारतात. २००१ पर्यंत तर झोन डिफेन्सलाच, म्हणजे ठराविक खेळाडूऐवजी ठराविक जागा राखण्याला, बंदी होती. लीग गेली सत्तर वर्षं स्वतःचे स्लायडर फिरवत आलीय, तेव्हा तुमच्या मित्रांनी एखादा फिरवला तर बास्केटबॉलवर आकाश कोसळत नाही.

‘पार लांबून थ्री मारतात’ या तक्रारीवर मला खरंच हसू आलं. २७ फेब्रुवारी २०१६. ओक्लाहोमा सिटी, ओव्हरटाइम, ११८-११८ अशी बरोबरी, घड्याळात अगदी थोडा वेळ. स्टीफन करी मधली रेषा ओलांडतो आणि साधारण ३८ फुटांवरून बॉल सोडतो. थ्रीची रेषा समोरून २३ फूट ९ इंचांवर आहे, म्हणजे तिच्याही १४ फूट मागून. आत! त्याच मोसमात २के१६ बनवणाऱ्यांनी उघडपणे सांगितलं होतं की करीला गेममध्ये नीट बसवणं त्यांना अवघड जातंय. कारण मजेदार आहे. ड्रिबल करता करता, तोल सांभाळायच्या आत, लांबून मारलेला थ्री हा गेमच्या दृष्टीने वाईट शॉट. असे शॉट कोणी मारू नयेत म्हणून गेममध्ये मुद्दाम अडथळे ठेवलेले. आणि इकडे खरा माणूस रोज तेच शॉट मारत होता आणि ते जात होते. गेम वास्तववादी राहिला, वास्तवच पुढे निघून गेलं.

करीच्याच संघातला क्ले थॉम्पसन घ्या. जानेवारी २०१५ मध्ये सॅक्रामेंटोविरुद्ध त्याने एकाच क्वार्टरमध्ये ३७ पॉइंट केले. तेरा शॉट मारले, तेराही आत, त्यांतले नऊ थ्री. हे तुमच्या मित्राने तुमच्या टीव्हीवर केलं असतं तर तुम्ही मॅच थांबवून डिफिकल्टी वाढवली असती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

यावरून १९९३ सालच्या एनबीए जॅमचं नाव निघणारच. मिडवेचा आर्केड गेम, दोघांविरुद्ध दोघे, खेळाडू स्वतःच्या उंचीच्या कितीतरी पट वर उडून डंक मारतात, धक्का देऊन पाडलं तरी शिट्टी नाही. आणि एकाच खेळाडूने लागोपाठ तीन बास्केट केले की बॉलला आग लागते. मग तो कुठूनही मारो, बहुतेक वेळा आत. शुद्ध कार्टून, असं तुम्ही म्हणाल. पण खेळताना ‘आज याचा हात लागलाय, यालाच बॉल द्या’ असं तुम्ही पॉइंट गार्ड म्हणून किती वेळा ठरवलं असेल? १९८५ साली गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या संशोधकांनी नोंदी तपासून सांगितलं की ‘हात लागणं’ हा निव्वळ भास आहे. पुढे मिलर आणि सान्हुर्हो या दोघांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की त्या जुन्या हिशोबातच एक बारीक गफलत होती, आणि हात लागतो या समजुतीत तथ्य असू शकतं. पंडितांचा वाद दशकानुदशकं चालला, जॅमने तो बॉलला आग लावून केव्हाच संपवला होता. मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला आतून जे वाटतं ते त्या आगीत आहे, आणि कुठल्याही आकड्यांच्या तक्त्यात नाही.

शिवाय जॅमने काय टाकलं हे सगळे सांगतात, काय ठेवलं हे कोणी बघत नाही. फाउल टाकले, पण २४ सेकंदांचं घड्याळ ठेवलं. गोलटेंडिंगही ठेवलं, म्हणजे खाली येणारा बॉल अडवला तर पॉइंट समोरच्याला. का? कारण धक्काबुक्कीने गेम बिघडत नाही, उलट रंगतो. पण रिंगवर उभं राहून प्रत्येक बॉल ढकलता आला असता तर गेमच उरला नसता. ज्याने हे ठरवलं त्याला बास्केटबॉल चांगलाच कळत होता. नियम फेकायलाही नियम समजावे लागतात.

आणि तुमच्या २केचं वास्तव कितपत खरं आहे? घाम खरा, चेहरे खरे, जर्सीच्या सुरकुत्यासुद्धा खऱ्या. शॉट मात्र तुमच्या अंगठ्याचा. शॉटची वेळ दाखवणारा मीटर नेमक्या क्षणी सोडलात, हिरवा झाला, की बॉल आत. खऱ्या लीगमध्ये थ्री जाण्याचं सरासरी प्रमाण ३५-३६ टक्के आहे. जगातला उत्तम शूटर, समोर कोणी नाही, हात अगदी हवा तसा सुटला, तरी बॉल रिंगला लागून बाहेर येतो. तसं गेममध्ये झालं तर? अचूक वेळ साधूनही चुकलं तर तुम्हीच कंट्रोलर आपटाल. काही आवृत्त्यांत खेळाडूच्या खऱ्या टक्केवारीवर शॉट ठरवणारं सेटिंग होतं, लावून बघा कधी. हातात काहीच नाही, आपण नुसते प्रेक्षक आहोत असं वाटायला लागतं. त्यामुळे बनवणारे इथे गुपचूप वास्तव सोडतात आणि तुम्ही ते गुपचूप स्वीकारता. (खेळाडूची ताकद वाढवायला आभासी पैसे मोजायला लावणारे मोड हा वेगळाच विषय. त्यात वास्तवही नाही आणि मजाही नाही. तिघांनीही लांब राहा.)

मला वाटतं भांडण वास्तव आणि मजा यांचं नाहीच. तुम्ही पॉइंट गार्ड होता. बास्केटबॉल म्हणजे तुमच्यासाठी निर्णय : कोणाला बॉल, केव्हा, स्क्रीन (समोरच्या खेळाडूची वाट अडवणं) कोणी लावायचा, घड्याळात किती उरलं. मित्र कोणत्या जागेवर खेळायचे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण पैज लावतो, दोघांपैकी एक तरी, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा परतलेला बॉल) पडला की मागे न बघता समोरच्या रिंगकडे सुटणारा असणार. त्याच्यासाठी बास्केटबॉल म्हणजे ती धाव आणि ती उडी. आता शरीर ते करू देत नसेल, म्हणून तो स्क्रीनवर करतो. तुम्हाला खेळातला विचार परत हवाय, त्याला खेळातलं अंग. तो धिंगाणा घालत नाहीये. तुमच्याइतकाच जुना खेळ आठवतोय, फक्त त्याच्या जागेवरून. आणि प्रत्येक डंकनंतर त्याला पुन्हा तोच आवाज ऐकू येतो, जो कॉलेजात ‘पास का नाही दिलास’ म्हणून ओरडायचा.

तेव्हा पहिलं काम फोन. सेटिंग, स्लायडर, क्वार्टर यातला एकही शब्द काढू नका. ‘मध्येच मॅच थांबवायला नको होती, शनिवारी ये’ एवढं पुरे. समजावून सांगायला गेलात तर संपलं.

दुसरं, एकमेकांविरुद्ध खेळणं काही दिवस बंद. तिघे एकाच बाजूला या, समोर कॉम्प्युटर. बहुतेक आवृत्त्यांत प्रत्येकाला एकाच जागेवर लॉक होऊन खेळता येतं. तुम्ही पॉइंट गार्ड घ्या, ते त्यांच्या जुन्या जागा घेतील. प्ले तुम्ही लावा, धावू दे त्यांना. त्यांच्या टर्बोला तुमचा पास मिळाला की तोच फास्ट ब्रेक, जो कॉलेजात तुम्हाला आवडायचा. डिफिकल्टी एक पायरी वर ठेवा, म्हणजे नुसत्या डंकवर भागणार नाही आणि तुमच्या डोक्याची त्यांना गरज पडेल. ही गरज त्यांच्या लक्षात आणून द्यायची नाही. पडू द्यायची.

लांबून थ्री मारलाच कोणी, तर गप्प राहून रिबाउंडला जा. लांबचा चुकलेला शॉट लांब उडतो, आणि तो जिथे पडतो तिथे उभं राहणं हेही बास्केटबॉलच आहे. पुढे कधी एकमेकांविरुद्ध खेळलात तर तोच रिबाउंड घेऊन, तो मागे परतायच्या आत, दोन पॉइंट करा. भाषणापेक्षा लवकर कळेल.

तिसरं, दुसरा गेम. हो, आणा. पण ‘तुमच्यासाठी आणला’ असं म्हणू नका, स्वतःही मनापासून खेळा. तिघांना दोन-दोनच्या जोड्या करून खेळायचं तर एनबीए २के प्लेग्राउंड्स २ सोयीचा, चौथा कॉम्प्युटर. २०१८ चा गेम आहे, मोठाल्या डोक्याचे खेळाडू, हवेत कोलांट्या, नियम जेमतेम. जुना कन्सोल धूळ खात पडला असेल तर २००१ चा एनबीए स्ट्रीट शोधा. तिघांविरुद्ध तिघे, आधी २१ गाठणारा जिंकतो, पण दोनने पुढे असायला हवं. करामती करून गेमब्रेकर नावाचा मीटर भरला आणि तो वापरला की तुमचे पॉइंट तर वाढतातच, वर समोरच्याचे कापले जातात. तुमच्यासारख्याला हा गेम धिंगाण्यापेक्षा जास्त आवडेल अशी मला दाट शंका आहे. गेमब्रेकर आत्ता वापरायचा की शेवटासाठी राखायचा, हा निर्णय कुठल्याही प्लेइतकाच डोकं खाणारा आहे.

हे दोन्ही एकाच डिस्कवर बसत नाहीत असंही समजू नका. १९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ज्युलियस अर्व्हिंग आणि लॅरी बर्ड यांना घेऊन एकास-एक असा गेम काढला होता. त्यात खेळाडू दमायचे, फाउल व्हायचे, म्हणजे तुमचा सगळा ऐवज हजर. आणि जोरदार डंक मारला की कधी कधी बॅकबोर्डची काच फुटायची, मग झाडूवाला येऊन कुरकुरत काचा गोळा करायचा.

शनिवारचा क्रम असा ठेवा : आधी धिंगाणा, मग एक मोठी मॅच. उलटं केलंत तर मोठी मॅच हरलेला माणूस धिंगाण्यासाठी थांबत नाही. आणि महिन्यातून एकदा सेटिंगचा मेन्यू दुसऱ्याच्या हातात द्या. तो काय वाटेल ते लावू दे. तीन मिनिटांचे क्वार्टर, फाउल बंद, काहीही. (जॅममध्ये तीनच मिनिटांचे होते.)

शेवटी एक खासगी टीप. कुठे मूळ आर्केडवरचा एनबीए जॅम हाती लागला, तर तुम्हाला ‘रेफरी’ म्हणणाऱ्या मित्राला आग्रहाने शिकागो बुल्स घ्यायला लावा आणि तुम्ही डेट्रॉइट पिस्टन्स घ्या. मॅच शेवटच्या सेकंदांपर्यंत अटीतटीची ठेवा आणि शेवटचा शॉट त्याला मारू द्या. गेमचा मुख्य डिझायनर मार्क टर्मेल डेट्रॉइटचा चाहता होता. डेट्रॉइटविरुद्ध शिकागोचे अगदी शेवटच्या क्षणीचे शॉट चुकावेत अशी सोय त्याने कोडमध्येच करून ठेवली होती, आणि नंतर ते स्वतः कबूलही केलं. मित्राला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.